स्टिअरिंग कापताना पुढून 'टंग' आवाज : रॅक खरंच बदलायचा का?

घोडबंदर_रोज

नमस्कार मंडळी. पैसे भरण्याआधी इथल्या जाणकारांना विचारून घ्यावं म्हणून धागा काढतेय.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१६ची, एमएच-०४, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. रोजचा रस्ता ओवळा ते महापे. घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. पावसाळ्यात या रस्त्याची काय दशा होते ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की त्यातूनच गाडी काढावी लागते.

सोसायटीच्या पोडियममधून गाडी रिव्हर्स काढताना स्टिअरिंग फुल कापलं की पुढून डाव्या बाजूने 'टंग' असा एकच आवाज येतो आणि त्याच क्षणी हाताला हलका झटका बसतो. परत सरळ करताना पुन्हा एकदा. वेगात असताना हा आवाज नाही. शिवाय पेव्हर ब्लॉकवरून किंवा बारीक खड्ड्यांवरून हळू जाताना खडखड होते; ती वेगळी की याचाच भाग, ते मला कळत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागलेला नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही. पण वळण संपल्यावर स्टिअरिंग पूर्वी आपणहून सरळ यायचं, ते आता हाताने आणावं लागतं.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि 'मॅडम, रॅक गेलाय, अख्खी असेंब्ली टाकावी लागेल' असं सांगून एस्टिमेट हातात दिलं (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग). गाडी लिफ्टवर घेतलीच नाही. आकडा मोठा आहे. रॅकच गेला असेल तर भरीन, स्टिअरिंगच्या बाबतीत मला चालढकल करायची नाही. पण तो रॅकच आहे हे कुणीतरी मला दाखवून द्यावं, एवढंच म्हणणं आहे.

पावणे_फिटर

ताई, एस्टिमेटला होकार देऊ नका अजून.

एकच 'टंग', हाताला झटका आणि स्टिअरिंग आपणहून परत न येणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी आधी स्ट्रटचं टॉप माउंट, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक गाडीला जिथे बसतं तो भाग, बघतो. रॅक नंतर.

कारण सांगतो. पुढच्या चाकाचा शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून स्ट्रट होतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४०च्या दशकात ही रचना केली. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांना हीच वापरतात. यात चाक वळलं की स्प्रिंगसकट अख्खा स्ट्रट वळतो. त्याला वळता यावं म्हणून वरच्या टोकाला, बॉनेटखाली, एक चपटं बेअरिंग बसवलेलं असतं. ते गंजून जाम झालं की स्प्रिंगचं खालचं टोक फिरतं आणि वरचं अडकून राहतं. स्प्रिंगला पीळ भरत जातो आणि एका क्षणी ती सुटते. तोच तुमचा 'टंग'. पीळ भरलेली स्प्रिंग स्टिअरिंगला अडवून धरते, म्हणून ते आपणहून सरळ येत नाही.

घरच्या घरी बघता येईल, माणसं दोन लागतील. गाडी सपाटीला, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, इंजिन चालू. एकाने आत बसून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. दुसऱ्याने बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोकावर बोटं ठेवायची. ओढणी, बाह्या, मोकळे केस रेडिएटरच्या पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा. तो पंखा मध्येच सुरू होतो. मग चाकाच्या कमानीतून स्प्रिंगला बाहेरून तळहात टेकवा. वेढ्यांच्या मध्ये बोट घालायचं नाही. स्प्रिंग सलग फिरली पाहिजे. थांबून, दम धरून एकदम उडी मारत असेल तर बेअरिंग गेलं. टॉर्च लावून स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढाही बघा. गंजून त्याचं टोक तुटलेलं असलं तरी आवाज असाच येतो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. स्ट्रटच्या मधोमध दिसणारा मोठा नट कुणीही सैल करायचा नाही. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत त्या नटावर अडकलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय तो उघडला तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो.

खडखड हा दुसरा आवाज आहे, त्याचं नंतर बघू.

पामबीच_सकाळ

माझ्या गाडीचाही आवाज वळतानाच येतो, पण वेगळा. सीवूड्सहून निघून पाम बीच रोडला यू-टर्न घेताना 'कट-कट-कट-कट' असा. अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढतो, पाय काढला की कमी होतो. फक्त उजवीकडे वळताना. उभ्या गाडीत कितीही स्टिअरिंग फिरवलं तरी काही नाही. आणि डाव्या पुढच्या चाकाच्या रिमला आतल्या बाजूने काळं, चिकट काहीतरी उडालेलं दिसतंय. मी आधी डांबर समजले होते, पण चिमटीत चोळलं तर वंगण निघालं. इथेच विचारलं तर चालेल ना?

पावणे_फिटर

चालेल की. ताई, तुमचा सीव्ही जॉइंट आहे, डाव्या बाजूचा बाहेरचा. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून चाकापर्यंत नेणारा जो अ‍ॅक्सल असतो त्याच्या चाकाकडच्या टोकाला हा जॉइंट. आत बहुतेक गाड्यांत सहा गोळ्या असतात, त्या आपापल्या खाचेत सरकतात म्हणून चाक वळलेलं असतानाही फिरत राहतं. त्यावर घड्यांचा रबरी बूट असतो. बूट चिरला की फिरत्या चाकाबरोबर ग्रीस बाहेर उडतं (तुमच्या रिमवरचं ते हेच) आणि त्याच चिरेतून रस्त्याची रेती, चिखल, पाणी आत जातं. गोळ्या आणि खाचा एकमेकांना खात सुटतात. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणून तेव्हा ओरडतो.

बूट नुकताच फाटलाय आणि आवाज सुरू झालेला नाही, अशा वेळी जॉइंट उघडून धुवून, नवं मॉलिब्डेनमचं ग्रीस भरून नवा बूट चढवता येतो. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलून उपयोग नाही. आतल्या खाचा झिजल्या त्या झिजल्या. तुम्हाला जॉइंट किंवा अख्खा अ‍ॅक्सल लागेल. कुर्ल्याला सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचे काढलेले अ‍ॅक्सल मिळतात, पण त्याची झीज किती झालीय ते बाहेरून कळत नाही. मी गिऱ्हाइकाला नवाच घ्यायला सांगतो.

खाडीवारा

फार उपयोगी माहिती. पुस्तकात आकृती असते, पण हात कुठे ठेवायचा ते कुणी सांगत नाही.

कळवा_नाका

फिटरदादा, माझी सेडान २००९ची, जुन्या पद्धतीची ऑइलवाली पॉवर स्टिअरिंग. सकाळी पहिल्यांदा काढताना स्टिअरिंग कापलं की 'घूंऽऽ' असं कण्हते. इंजिन रेझ केलं की आवाजाचा सूर चढतो. गाडी गरम झाल्यावर कमी होतो. हा पंप का?

पावणे_फिटर

काका, पंप असेलही, पण आधी ऑइल बघा. बॉनेटखाली छोटी टाकी असते, तिच्यावर खुणा असतात. पातळी खाली असेल किंवा ऑइलवर फेस दिसत असेल तर पंप हवा ओढतोय. तो कण्हतो तो त्यामुळेच. ऑइल कुठलं घालायचं ते टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच घालायचं. काही गाड्यांना ऑटो गिअरबॉक्सचंच ऑइल चालतं, काहींना अजिबात चालत नाही, त्यामुळे दुकानदार देईल ते ओतू नका.

आणि ऑइल कमी झालं म्हणजे कुठून तरी गेलं. होज पाइपचे क्लिप, पंपाचा सील आणि रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट बघा. ते बूट हाताने दाबून बघायचे. आत ऑइल थबथबलेलं लागलं तर रॅकचा सील गेला, आणि मग मात्र खर्च रॅकचाच आहे.

नवीन ऑइल भरल्यावर हवा काढावी लागते. पुढची चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड लावा. इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा. मध्ये मध्ये टाकीत बघून ऑइल भरत जा. बुडबुडे थांबले की मग इंजिन सुरू करून तेच पुन्हा.

आवाज कण्हण्याचा नसून किंचाळण्याचा असेल, तोही फक्त स्टिअरिंग टोकाला गेल्यावर, तर तो बेल्ट सैल असल्याचा. टोकाला नेऊन स्टिअरिंग दाबून धरायची सवय असेल तर सोडा. चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरलं की पंपाचं ऑइल तापतं.

घोडबंदर ताईंच्या गाडीला यातलं काहीच नाही. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला ऑइल, पंप, बेल्ट नसतं. छोट्या गाड्यांत मोटार बहुतेक डॅशबोर्डखाली कॉलमवरच असते.

हायवे_हमाल

इतकं कशाला? माझ्या गाडीला खटखट होती, आमच्या इथल्या मेकॅनिकने रॅक टाइट करून दिला, दहा मिनिटांचं काम. आवाज बंद. घोडबंदरताई, तुम्हीही तेच करा, असेंब्ली बदलायची गरज नाही.

पावणे_फिटर

दादा, तुमचा आवाज गेला हे खरं असेल, पण हा सल्ला सरसकट देऊ नका. यात जीव जाण्याचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रॅक म्हणजे दाते असलेला दांडा, पिनियन म्हणजे त्यावर चालणारं छोटं दातेरी चाक. दांडा पिनियनला टेकून राहावा म्हणून मागून एक स्प्रिंग लावलेला गुटका त्याला दाबत असतो. गुटक्यामागचा नट आवळला की दांडा घट्ट बसतो आणि खटखट थांबते. हेच ते 'टाइट करणं'. आता आपण गाडी बहुतांश वेळ सरळ चालवतो, त्यामुळे दांड्याचे मधले दाते झिजतात, कडेचे कोरे राहतात. मधल्या झिजलेल्या भागाला बेताचा बसेल असा नट आवळला की कडेच्या कोऱ्या दात्यांवर तो जाम होतो. मग घोडबंदरच्या यू-टर्नला स्टिअरिंग फुल कापलं की ते तिथेच अडकतं, परत येत नाही. समोरून डंपर येत असताना असं झालं तर?

कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तो नट किती आवळायचा आणि मग किती अंश सैल सोडायचा, हे ठरवून दिलेलं असतं. तसं मोजून, आणि नंतर दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघून केलं तर ठीक. पाना लावून अंदाजाने दोन आटे फिरवणं हा उपाय नाही. तुम्हीही रिकाम्या जागेत हळू वेगात दोन्हीकडे पूर्ण वळवून हात सैल सोडून बघा. स्टिअरिंग आपणहून येत नसेल तर गाडी घेऊन परत जा.

हायवे_हमाल

आज तुर्भ्याला मोकळ्या प्लॉटवर बघितलं. डावीकडून येतं, उजवीकडे फुल कापल्यावर अडतं. उद्या सकाळी सोडायला सांगतो. धन्यवाद.

नेरूळ_आजी

माझी एक छोटी शंका. मॉलच्या पार्किंगमध्ये हळू वळवलं तरी चाकं चूंऽऽ करून ओरडतात. रस्त्यावर नाही.

पावणे_फिटर

आजी, तो टायरचा आवाज. तिथली जमीन गुळगुळीत रंगवलेली असते, त्यावर रबर घसरताना ओरडतं. गाडीत काही बिघाड नाही.

खाडीवारा

मी एक भर घालतो. फुल कापल्यावर 'खर्रर्र' असं घासल्याचं ऐकू आलं तर चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिकचं लायनर बघा. पाण्यातून गाडी काढली की त्याचे क्लिप निघतात आणि ते टायरला लागतं. क्लिप स्वस्त असतात, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. पत्र्याच्या पातळ 'चिर्रर्र'साठी ब्रेक डिस्कमागच्या शील्डमध्ये खडा अडकलाय का ते बघावं.

घोडबंदर_रोज

फिटरदादा, काल रात्री सोसायटीतच बघितलं. भाऊ आत बसला, मी बाहेर टॉर्च घेऊन.

उजव्या बाजूला स्प्रिंग तळहाताखाली घड्याळाच्या काट्यासारखी सलग फिरली. डाव्या बाजूला मात्र ती जागची हललीच नाही. भाऊ स्टिअरिंग फिरवत होता, चाक वळत होतं, स्प्रिंग ढिम्म. आणि मग एकदम 'टंग' करून माझ्या हाताखालून पुढे सरकली, कोपरापर्यंत हादरा आला. वर बॉनेटखाली बोटं ठेवली तेव्हाही त्याच क्षणी ठोका लागला. शेवटचा वेढा शाबूत आहे.

अजून एक दिसलं. उजव्या स्ट्रटच्या डोक्यावर काळी रबरी टोपी आहे, डाव्यावर नाहीच. तिथे लालसर गंजाचं पाणी सुकून ओघळ आलेत.

मग खडखडीचं. तुम्ही सांगितलं नव्हतं, पण मी चाकाच्या मागे हात घालून जी बारीक दांडी दिसली ती हलवून बघितली. डावीकडची हाताने हलते आणि कट-कट वाजते, उजवीकडची घट्ट आहे. ही कसली दांडी?

पावणे_फिटर

वा ताई. ती स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची, लिंक रॉड. दोन्ही टोकांना छोटे बॉल असतात, ते झिजले की बारीक खड्ड्यांवर हळू वेगात खडखडतात. पेव्हर ब्लॉकवर सगळ्यात जास्त. बदलायला सोपी आणि स्वस्त. तुमचे दोन्ही आवाज डाव्या चाकापाशी, आणि रॅकचा दोहोंत काही संबंध नाही.

टोपी नसल्यामुळे काचेखालच्या जाळीतून उतरणारं पावसाचं पाणी थेट बेअरिंगमध्ये गेलं. नवीन बेअरिंगबरोबर टोपी आठवणीने बसवून घ्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हेच.

गॅरेजला काम देताना हे सांगा. बेअरिंग आणि टॉप माउंटचं रबर दोन्ही बाजूंचं टाकायचं, कारण उजवं बेअरिंगही तितकंच जुनं आहे. स्प्रिंग परत बसवताना तिचं खालचं टोक बैठकीतल्या पायरीला नीट टेकलं पाहिजे. तिरकं बसलं तर नव्या बेअरिंगवरही 'टंग' येईल. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश सैल केले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकून गाडी आपल्या वजनाने बसली की मग आवळायचे. लटकत्या गाडीत आवळले की बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी खाली टेकवून आवळण्याचं हे काम बरेच जण घाईत करत नाहीत. शेवटी अलाइनमेंट.

घोडबंदर_रोज

काम झालं. वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्या एका गॅरेजला दिलं, आणि मी तिथे उभी होते. मालकाने आधी गाडी लिफ्टवर घेतली, चाक तीन आणि नऊ वाजण्याच्या जागी धरून हलवलं, मग बारा आणि सहाच्या जागी. रॅकला आणि टाय रॉडला (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीला) काडीचाही प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही, हे मला हात लावून बघायला दिलं.

डावं बेअरिंग काढल्यावर हातात घेतलं. वरची कडी फिरवली तर ती करकरत एका जागी अडकली, दाबून पुढे नेली की सुटली. उघडल्यावर आत ग्रीस नव्हतंच, लाल भुकटी होती, आणि गोळ्यांचा प्लॅस्टिकचा पिंजरा तुकडे होऊन बाहेर पडला. उजवं बेअरिंग फिरत होतं पण त्यातही खरखर होती. दोन्ही बदलली, दोन्ही टोप्या घातल्या, लिंक रॉडची जोडी टाकली, अलाइनमेंट केली. सगळं मिळून रॅकच्या एस्टिमेटच्या जवळपासही गेलं नाही. आता पोडियममधून निघताना आवाज नाही आणि वळण संपलं की स्टिअरिंग आपणहून सरळ येतं.

जुने पार्ट मी मागून घेतले. ज्यांना काम टाकायचंय त्यांनी हे जरूर मागावं.

शिळफाटा_वरून

उशिरा लिहितोय, पण आजच निकड आहे. खड्ड्यात गेलो की उजव्या पुढच्या चाकातून 'खट्', ब्रेक मारला की पुन्हा 'खट्', आणि ब्रेक मारताना गाडी बाजूला जाते. काल जॅक लावून बारा-सहाला चाक धरलं तर स्पष्ट हलतं. बायकोने ब्रेक दाबून धरला तरी तेवढंच हलतं. खाली आर्मच्या टोकाला रबर फाटून गोळा उघडा दिसतोय. रविवारी सहकुटुंब लोणावळ्याला जायचंय. परत आल्यावर काम केलं तर चालेल का?

पावणे_फिटर

नाही. लोणावळा सोडा, गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका.

ब्रेक दाबून धरल्यावर चाक हलायचं थांबलं असतं तर व्हील बेअरिंग म्हटलं असतं. तुमचं तसंच हलतंय, म्हणजे प्ले बॉल जॉइंटमध्ये आहे. चाकाचा खालचा आधार तोच. गोळा सॉकेटमधून निसटला की चाक आडवं पडतं आणि गाडी तिथल्या तिथे बसते. शिळफाट्याच्या ट्रकच्या रांगेत किंवा घाटात हे होऊ द्यायचं नाही. टोईंग बोलवा, तेही चाकं उचलून ट्रकवर ठेवणारं. काही गाड्यांत बॉल जॉइंट सुटा मिळतो, काहींत लोअर आर्मसकट येतो. टाय रॉड एंडही त्याच वेळी तपासून घ्या, आणि नटाला स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी पिन) असेल तर नवीनच घालायला लावा.

शिळफाटा_वरून

टोईंग आलंय, गाडी ट्रकवर चढवतायत. रविवारी आता इंद्रायणीने जातो, ठाण्याहून.